ड्युअल बूट संगणक : सी ड्राइव्हमधून मोकळी केलेली जागा उबुंटूच्या पार्टिशनला जोडता येत नाही

काळीमाती

नमस्कार. माझ्या घरच्या डेस्कटॉपवर विंडोज १० आणि उबुंटू २२.०४ या दोन कार्यप्रणाली १ टीबीच्या एकाच हार्ड डिस्कवर आहेत. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हापासून शाळेच्या प्रश्नपत्रिका, निकालपत्रके आणि इंटरनेटवरची सगळी कामे मी उबुंटूवरच करते. जुन्या फाँटांत टंकलेल्या फायली आणि एक स्कॅनर एवढ्यासाठीच विंडोज ठेवले आहे. त्यामुळे सुरुवातीला उबुंटूला दिलेली ३२ जीबी जागा आता पुरत नाही. डिस्क भरल्याची सूचना वारंवार येते आणि अद्यतने मध्येच थांबतात.

जागा वाढवायची म्हणून मी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह लहान केला. सीमध्ये १३० जीबी रिकामी असूनही विंडोजने ६० जीबीच सोडायची तयारी दाखवली, तेवढी घेतली. त्यानंतर उबुंटूत डिस्कचे भाग म्हणजे पार्टिशने दाखवणारे जीपार्टेड उघडले, तेव्हा डिस्कचा पट्टा डावीकडून उजवीकडे असा दिसला : १०० एमबीचे ईएफआय पार्टिशन, १६ एमबीचे मायक्रोसॉफ्टचे राखीव पार्टिशन, १९० जीबीचा सी, मग करड्या रंगात ६० जीबी मोकळी जागा, त्यानंतर अर्ध्या जीबीचे रिकव्हरी पार्टिशन, मग सुमारे ६४० जीबीचा डी ड्राइव्ह, त्याच्यापुढे उबुंटूचे ३२ जीबी आणि शेवटी ८ जीबीचे स्वॅप.

उबुंटूच्या पार्टिशनवर किल्लीचे चिन्ह आहे आणि त्याचा आकार वाढवण्याचा पर्याय मिळत नाही. डी ड्राइव्हवर पिवळा त्रिकोण दिसतो. तो उबुंटूत उघडतो, पण त्यात नवी फाइल साठवता येत नाही. शिवाय डीमधून मोठ्या फायली कॉपी करताना संगणक कधी कधी अर्धा-एक मिनिट गोठल्यासारखा होतो. डीमध्ये अनेक वर्षांची छायाचित्रे आणि शाळेचे दप्तर आहे, म्हणून अंदाजाने काही करण्याची माझी तयारी नाही. ही ६० जीबी जागा उबुंटूला सुरक्षितपणे कशी मिळेल, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

डोंगरवाट

ताई, उपाय सरळ आहे. रिकव्हरी पार्टिशन काढून टाका, त्याचा रोजच्या वापरात काही उपयोग नसतो. मग पेन ड्राइव्हवरून उबुंटू चालू करून जीपार्टेडमध्ये डी ड्राइव्ह पूर्ण डावीकडे सरकवा. मोकळी जागा आपोआप उबुंटूच्या शेजारी येईल आणि मग ते पार्टिशन वाढवता येईल. पेन ड्राइव्हवरून चालू केल्यावर किल्लीचे चिन्हही जाईल, कारण ते पार्टिशन त्या वेळी वापरात नसेल.

शून्यएक

काळीमाती, आपण पट्ट्याचा क्रम नीट लिहिलात, त्यामुळे निम्मे काम झाले आहे. तूर्त मात्र कोणतेही पार्टिशन काढू नये, सरकवू नये. डोंगरवाट यांनी सांगितलेला मार्ग तांत्रिकदृष्ट्या चुकीचा नाही, पण तो स्वीकारण्याआधी डिस्कची प्रकृती माहीत असणे अत्यावश्यक आहे. कॉपी करताना संगणक गोठतो, हे वाक्य मला पिवळ्या त्रिकोणापेक्षा अधिक काळजीचे वाटते.

कृपया पुढील माहिती द्यावी. डिस्कवरचा पार्टिशन तक्ता जीपीटी पद्धतीचा आहे की एमबीआर, हे जीपार्टेडच्या 'व्ह्यू' यादीतील 'डिव्हाइस इन्फर्मेशन'मध्ये दिसेल. ईएफआय पार्टिशन आहे म्हणजे तो बहुधा जीपीटीच असावा, तरी खात्री करून घ्यावी. सी किंवा डीवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे कूटबद्धीकरण, चालू आहे का, हे विंडोजमध्ये पाहावे. आणि उबुंटूत 'स्मार्टमाँटूल्स' हे पॅकेज असल्यास 'स्मार्टसीटीएल' या आज्ञेने डिस्कची स्वनोंद काढून तिच्यातील क्रमांक ५, १९७, १९८ आणि १९९ या चार ओळींचे शेवटच्या रकान्यातील आकडे येथे लिहावेत. पॅकेज नसेल आणि जागेअभावी बसत नसेल, तर उबुंटूच्या 'डिस्क्स' या प्रणालीतही 'स्मार्ट डेटा' या नावाखाली हेच आकडे दिसतात.

बिटलॉकरचा प्रश्न इतर वाचकांनीही मनावर घ्यावा. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून, नव्याने बसवलेल्या आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या पुष्कळशा संगणकांवर कूटबद्धीकरण आपोआप चालू होते. अशा डिस्कवर पार्टिशन किंवा बूटची मांडणी बदलली, तर पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती की हाताशी नसेल, तर सर्व माहिती डिस्कवर शाबूत असूनही आपल्याला तिचा उपयोग उरत नाही. म्हणून आधी की कागदावर उतरवून ठेवावी, संरक्षण तात्पुरते स्थगित करावे आणि मगच पुढे जावे.

काळीमाती

आपण सांगितल्याप्रमाणे पाहिले. तक्ता जीपीटी आहे. बिटलॉकर दोन्ही ड्राइव्हवर बंद आहे. डिस्कच्या नोंदीत ५, १९७ आणि १९८ या तिन्ही ओळींपुढे शून्य आहे, पण १९९ या ओळीपुढे २१४ हा आकडा आहे. तो पाहून धास्ती वाटली. आमच्याकडच्या दुरुस्तीच्या दुकानात विचारले, तर डिस्क गेली, नवी घ्या, असे सांगण्यात आले.

शून्यएक

आपली डिस्क गेलेली नाही, निदान या आकड्यांवरून तसे म्हणता येत नाही. सेक्टर म्हणजे डिस्कवरचा लहानसा कप्पा. क्रमांक ५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदलून घेतलेली सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आल्याने प्रतीक्षेत ठेवलेली सेक्टर आणि १९८ म्हणजे तपासणीत दुरुस्त न झालेली सेक्टर. तबकडीच्या आरोग्याच्या या तिन्ही ओळी स्वच्छ आहेत. १९९ ही ओळ तबकडीबद्दल नसून डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यातील वाहतुकीबद्दल असते : पाठवलेला मजकूर आणि पोहोचलेला मजकूर जुळला नाही, की ही संख्या एकाने वाढते आणि तो तुकडा पुन्हा मागवला जातो. संगणक गोठल्यासारखा का होतो, याचे हे अगदी पटण्याजोगे कारण आहे. बहुतेक वेळा दोष साटा केबलचा किंवा सैल जोडणीचा असतो.

संगणक बंद करून, वीजजोडणी काढून, साटा केबल नवी लावावी आणि शक्य असल्यास मदरबोर्डवरची खाचही बदलावी. २१४ हा आकडा त्यानंतरही तसाच राहील, कारण तो आयुष्यभराचा हिशेब आहे आणि कमी होत नाही. तो वाढत नाही ना, एवढेच पाहायचे. मोठ्या फायली कॉपी करूनही आकडा जागचा हलला नाही, म्हणजे केबलचे निदान बरोबर ठरले.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. जीपीटी तक्त्यात प्रत्येक पार्टिशनची एक नोंद असते आणि त्या नोंदीत सुरुवातीचा एक आणि शेवटचा एक असे दोनच सेक्टर क्रमांक लिहिता येतात. म्हणजे पार्टिशन हा सलग तुकडाच असावा लागतो. चाळीच्या दोन टोकांच्या खोल्यांचे जसे एक घर करता येत नाही, तसेच हे आहे. आपली मोकळी जागा आणि उबुंटू यांच्यामध्ये रिकव्हरी आणि डी ही दोन पार्टिशने उभी आहेत, म्हणून जीपार्टेड पर्याय देत नाही. किल्लीचे चिन्ह हा त्यातील गौण भाग आहे. पेन ड्राइव्हवरून चालू केल्यास ते जाईल, पण अडथळा तसाच राहील.

डी सरकवायचा म्हणजे त्यातील फायली नव्हे, तर ६४० जीबीमधील प्रत्येक सेक्टर ६० जीबी अलीकडे नेऊन लिहायचा. वाचन आणि लेखन एकाच फिरत्या तबकडीवर आलटून पालटून होणार असल्यामुळे या कामाला चार-पाच तास, कदाचित त्याहूनही अधिक लागतील. या वेळात वीज गेली किंवा ती सैल केबल एकदाच सुटली, तर डीचा काही भाग नव्या जागी, काही जुन्या जागी आणि मधला पुसलेला अशी अवस्था होते. तक्त्याला मात्र यातले काहीच ठाऊक नसते. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर वीज किती वेळा जाते, हे मी सांगायला नको. डीची पूर्ण प्रत बाहेरच्या डिस्कवर असल्याशिवाय आणि यूपीएस असल्याशिवाय हा मार्ग मी कोणालाही सुचवणार नाही.

आणि आपल्याला तो मार्ग लागतच नाही, हे माझे मुख्य म्हणणे आहे. लिनक्सला एकच पार्टिशन असले पाहिजे, अशी अट नाही. जागा उबुंटूच्या पार्टिशनपर्यंत ओढत नेण्याऐवजी ती जिथे आहे तिथेच तिच्यावर लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल प्रणालीचे नवे पार्टिशन तयार करावे आणि वापरकर्त्याच्या फायलींचे '/होम' हे फोल्डर तिथे हलवावे. ३२ जीबीमधील बरीचशी जागा सहसा होमनेच व्यापलेली असते. असे केल्यास सी, रिकव्हरी, डी, उबुंटूचे मूळ पार्टिशन आणि स्वॅप यांपैकी कोणालाही हात लागत नाही.

सीमधून ६० जीबीच का सुटली, याचे उत्तर असे की, विंडोज चालू असताना पेजफाइल, हायबरनेशनची फाइल, एनटीएफएस या विंडोजच्या फाइल प्रणालीच्या मुख्य तक्त्याचे तुकडे यांसारखा काही भाग हलवता येत नाही आणि त्यातला सर्वांत शेवटचा तुकडा जिथे असेल, तिथेच आकसणे थांबते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲप्लिकेशन नोंदींत २५९ क्रमांकाची नोंद शोधली, तर नेमक्या कोणत्या फाइलने अडवले तेही कळते. पण तूर्त ६० जीबी पुरेशी आहे, त्यामुळे त्यामागे लागण्याची गरज नाही.

डोंगरवाट

होम वेगळे करण्याची कल्पना मला मान्य आहे, ती अधिक सुरक्षित आहे. पण मग होम थेट डी ड्राइव्हवरच का ठेवू नये? तिथे तर ६४० जीबी आहेत. आणि रिकव्हरी पार्टिशन काढायला हरकत का असावी, हेही समजून घ्यायला आवडेल.

खारावारा

डोंगरवाट, दोन्ही प्रश्नांवर माझे मत लिहितो.

लिनक्समध्ये प्रत्येक फाइलचा मालक आणि परवानग्या फाइल प्रणालीतच नोंदलेल्या असतात आणि होममधील अनेक गोष्टी त्यांवर अवलंबून असतात. उदाहरणार्थ, एसएसएचच्या किल्ल्या इतरांना वाचता येतील अशा स्थितीत असतील, तर ती प्रणाली त्या वापरण्यास नकार देते. एनटीएफएसवर हे सगळे रूपांतर करून भागवावे लागते. शिवाय डी ड्राइव्ह विंडोजच्या ताब्यातही असतो. विंडोजने तो अर्धवट स्थितीत सोडला, की उबुंटूत आपले होमच केवळ वाचनापुरते उरेल आणि आत प्रवेश करणेही अवघड होईल. छायाचित्रे, पीडीएफ, ध्वनिफिती डीवर जरूर ठेवाव्यात. होम ठेवू नये.

रिकव्हरी पार्टिशनात विंडोजचे दुरुस्तीचे वातावरण असते. विंडोज सुरूच झाले नाही, तर बूट दुरुस्त करण्याची पहिली संधी तिथूनच मिळते आणि ड्युअल बूट संगणकावर ती संधी लागण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. जानेवारी २०२४ मध्ये आलेले केबी५०३४४४१ हे विंडोज १० चे अद्यतन अनेकांच्या संगणकावर बसेना, कारण त्याला रिकव्हरी पार्टिशनात २५० एमबी जास्तीची मोकळी जागा हवी होती. त्या वेळी पुष्कळांनी कंटाळून हे पार्टिशन काढून टाकले. ते खरोखर काढायचेच असेल, तर आधी विंडोजमध्ये 'रीएजंटसी' या आज्ञेने दुरुस्तीचे वातावरण बंद करावे, म्हणजे त्याची प्रतिमा सी ड्राइव्हवर परत येते. पण अर्ध्या जीबीसाठी एवढे करण्यात काही हशील आहे, असे मला वाटत नाही.

काळीमाती ताई, आता तुमच्या पिवळ्या त्रिकोणाबद्दल. विंडोज १० मध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय बहुधा चालू असते. ती असताना 'शट डाउन' केले, तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. गाभ्याची स्थिती डिस्कवर साठवून ते झोपी जाते आणि सी तसेच डी हे दोन्ही ड्राइव्ह आपल्याच ताब्यात आहेत, असे धरून चालते. लिनक्सला ही खूण दिसते, म्हणून ते डीवर लिहिण्यास नकार देते आणि ते योग्यच आहे. जबरदस्तीने लिहिले, तर विंडोज जागे झाल्यावर त्याच्या आठवणीतील डी आणि प्रत्यक्षातील डी यांत तफावत पडते आणि फायलींचा तक्ता बिघडतो.

उपाय विंडोजच्या बाजूने करावा. कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करावे, मग डीवर 'चेकडिस्क' दुरुस्तीच्या पर्यायासह चालवावे आणि विंडोज पूर्णपणे बंद करून उबुंटू सुरू करावे. लिनक्समध्ये 'एनटीएफएसफिक्स' नावाची आज्ञा आहे आणि अनेक ठिकाणी तीच सुचवलेली आढळेल. ती काही मूलभूत विसंगती दूर करते, जर्नल रिकामे करते आणि पुढची खरी तपासणी विंडोजवर सोपवते. ती चेकडिस्कची जागा घेऊ शकत नाही. तुमच्याकडे विंडोज चालू स्थितीत आहे, तेव्हा चेकडिस्कच वापरावे.

काळीमाती

खारावारा, फास्ट स्टार्टअप चालूच होते. ते बंद करून चेकडिस्क चालवले. त्याने दोन-तीन किरकोळ दुरुस्त्या केल्याचे सांगितले. आता त्रिकोण गेला आहे आणि उबुंटूतून डीवर लिहिता येते. साटा केबलही बदलली. डीवरच्या सगळ्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली, तरी १९९ पुढचा आकडा २१४ वरच आहे आणि गोठणे थांबले आहे.

शून्यएक, होम हलवण्याची पद्धत कृपया क्रमाने सांगावी. मला टर्मिनलची भीती नाही, पण कोणती पायरी परत फिरवता येते आणि कोणती येत नाही, हे आधी कळले तर बरे वाटेल.

शून्यएक

केबलबद्दल वाचून समाधान वाटले. डीची प्रत बाहेर घेतलीत, हे तर सर्वांत चांगले केलेत.

येथे मी आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे लिहीत आहे. टंकताना ती रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत लिहावीत.

सर्वप्रथम पार्टिशन तक्त्याची प्रत काढावी. 'एसजीडिस्क' या आज्ञेला बॅकअपचा पर्याय देऊन तक्ता एका लहानशा फाइलमध्ये उतरवता येतो. ती फाइल पेन ड्राइव्हवर ठेवावी, त्याच डिस्कवर नव्हे. जीपीटी स्वतःही तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी राखून ठेवते, पण चुकीचा बदल दोन्ही प्रतींत एकदमच लिहिला जात असल्याने आपल्या हातातली प्रत वेगळी असणे चांगले.

नंतर उबुंटूच्या पेन ड्राइव्हवरून 'ट्राय उबुंटू' निवडून संगणक सुरू करावा. जीपार्टेडमध्ये करड्या ६० जीबीवर क्लिक करून ईएक्सटी४ पार्टिशन तयार करावे, 'होम' असे लेबल द्यावे आणि मगच हिरव्या खुणेवर क्लिक करावे. हिरवी खूण दाबेपर्यंत काहीही लिहिले जात नाही आणि सगळे रद्द करता येते. ती दाबल्यानंतर परत फिरता येत नाही, म्हणून खालच्या यादीत केवळ एकच प्रलंबित काम दिसते आहे ना, हे वाचून घ्यावे. या पार्टिशनला बहुधा ८ हा क्रमांक मिळेल. जागा मध्ये आणि क्रमांक शेवटचा, हे विचित्र वाटेल, पण त्यात काही बिघाड नाही. क्रमांक ओळीने लावून देणाऱ्या सोयी काही साधनांत असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नये.

आता जुने मूळ पार्टिशन आणि नवे पार्टिशन दोन्ही माउंट करून, म्हणजे वापरासाठी जोडून घेऊन, 'आरसिंक'ने होममधील सर्व काही नव्या पार्टिशनवर कॉपी करावे. '-एएएक्सएच' असे पर्याय द्यावेत. त्यातला पहिला ए लहान आणि पुढची ए, एक्स, एच ही अक्षरे मोठी. जोडीला मालकांचे क्रमांक जसेच्या तसे ठेवणारा 'न्यूमेरिक आयडीज' हा पर्यायही द्यावा, कारण पेन ड्राइव्हवरच्या उबुंटूला आपले वापरकर्तानाव ठाऊक नसते. स्रोताच्या मार्गाच्या शेवटी तिरपी रेघ असू द्यावी; ती राहून गेली, तर नव्या पार्टिशनात होमच्या आत आणखी एक होम तयार होते. कॉपी संपल्यावर तीच आज्ञा 'एन', 'सी' आणि 'आय' हे लहान अक्षरांतले पर्याय वाढवून पुन्हा चालवावी. या वेळी ती काही लिहीत नाही, प्रत्येक फाइलचा मजकूर पडताळते आणि फरक असल्यासच नाव दाखवते.

पडताळणीत काही निघाले नाही, तर जुन्या होमचे नाव बदलून 'होम-जुने' करावे आणि त्या जागी रिकामे होम फोल्डर तयार करावे. जुने अजून पुसायचे नाही. मग मूळ पार्टिशनातील 'ईटीसी' फोल्डरमधल्या 'एफस्टॅब' या, सुरुवातीला कोणती पार्टिशने जोडायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये नव्या पार्टिशनची एक ओळ वाढवावी. 'बीएलकेआयडी' या आज्ञेने त्याचा यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनची एकमेव ओळखखूण, मिळतो. तो हाताने टंकू नये, कॉपी करूनच घ्यावा. त्यातले एक अक्षर चुकले, तरी सुरू होताना उबुंटू सुमारे दीड मिनिट त्या पार्टिशनची वाट पाहत बसते आणि नंतर आणीबाणीच्या कक्षात जाते. तसे झालेच, तर घाबरू नये : पुन्हा पेन ड्राइव्हवरून सुरू करून ती ओळ दुरुस्त केली की झाले.

आणखी एक बाब बहुतेक ठिकाणी सांगितली जात नाही. ईएक्सटी४ तयार होताना ५ टक्के जागा रूट म्हणजे प्रशासक वापरकर्त्यासाठी राखून ठेवली जाते. कार्यप्रणालीच्या पार्टिशनवर ती हवीच, कारण डिस्क भरली तरी आवश्यक सेवा त्या जागेवर चालू राहतात. परंतु होमच्या ६० जीबीमधून ३ जीबी अशी अडकवण्याचे कारण नाही; 'ट्यून२एफएस'ने ते प्रमाण १ टक्क्यावर आणता येते.

एवढे करूनही ३२ जीबीचे मूळ पार्टिशन भरलेलेच राहिले, तर जुने कर्नल, स्नॅप पॅकेजांच्या राखून ठेवलेल्या मागच्या आवृत्त्या आणि सिस्टिमडीच्या जर्नलच्या नोंदी तपासाव्यात. पुष्कळदा काही जीबी तिथेच सापडतात.

पाऊलवाट

याच विषयाशी संबंधित माझी अडचण येथे मांडली तर चालेल का? माझा लॅपटॉप जुना आहे, त्यावर विंडोज ७ आणि लिनक्स मिंट आहे. एका दुकानात तो दुरुस्तीला दिला असता तिथल्या तंत्रज्ञाने "हे रिकामे पार्टिशन दिसले" म्हणून एक पार्टिशन काढून टाकले. आता संगणक सुरू केला, की काळ्या पडद्यावर असे पार्टिशन नाही अशी सूचना येते आणि खाली 'ग्रब रेस्क्यू' एवढेच उमटते. विंडोजही सुरू होत नाही. काढलेल्या पार्टिशनात काही होते की नाही, याची मला खात्री नाही.

शून्यएक

पाऊलवाट, विषय एकच आहे, येथेच बोलू.

आपला संगणक जुन्या पद्धतीचा, म्हणजे एमबीआर तक्त्याचा असणार. त्यात ५१२ बाइटांच्या पहिल्या सेक्टरमध्ये पार्टिशनांसाठी ६४ बाइटच असतात आणि त्यात चारच नोंदी मावतात. त्यामुळे पाचव्यापासून पुढची पार्टिशने एका विस्तारित पार्टिशनाच्या आत साखळीसारखी जोडलेली असतात. या साखळीतील एक कडी काढली, की पुढच्या सर्व कड्यांचे क्रमांक एकेकाने खाली येतात. आपले लिनक्स सहावे असेल आणि पाचवे काढले गेले असेल, तर लिनक्स आता पाचवे झाले. ग्रब, म्हणजे संगणक सुरू होताना कार्यप्रणालींची यादी दाखवून निवडलेली सुरू करणारा कार्यक्रम, मात्र अजून सहाव्यालाच हाक मारतो आहे. जीपीटीत एखादी नोंद काढल्याने इतरांचे क्रमांक असे घसरत नाहीत. विंडोजही बिघडलेले नसावे. त्याच्याकडे नेणारा ग्रबच वाटेत अडकला आहे.

ग्रब दुरुस्त करण्याआधी एक निर्णय घ्यावा लागेल : काढलेले पार्टिशन परत हवे आहे का? पार्टिशन काढल्याने तक्त्यातील नोंद जाते, आतला मजकूर त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तसाच असतो. आपल्याला खात्री नाही, तेव्हा आधी पाहून घ्यावे. पेन ड्राइव्हवरून मिंट सुरू करून त्यात 'टेस्टडिस्क' चालवावे, 'ॲनालाइज' आणि 'क्विक सर्च' निवडावे. हरवलेले पार्टिशन यादीत दिसल्यास त्यावर पी हे अक्षर दाबून आतल्या फायलींची नावे वाचावीत. नावे नीट दिसत असतील आणि इतर सर्व पार्टिशनेही यादीत असतील, तरच 'राइट' करावे. एखादे पार्टिशन यादीत नसताना 'राइट' केले, तर तेही तक्त्यातून जाईल.

हरवलेले पार्टिशन अशा रीतीने जागेवर आले, तर क्रमांकही पूर्ववत होतील आणि ग्रब बहुधा काहीही न करता चालू होईल. आधी ग्रब दुरुस्त करून नंतर पार्टिशन परत आणले असते, तर ग्रब पुन्हा बिघडला असता; म्हणून हा क्रम महत्त्वाचा आहे.

खारावारा

आणि पार्टिशन नको असेल, तर ग्रब रेस्क्यूवरूनच पुढे जाता येते. 'एलएस' टंकून एंटर दाबले, की डिस्क आणि पार्टिशनांची यादी कंसांत दिसते. प्रत्येक कंसापुढे तिरपी रेघ देऊन पुन्हा एलएस करावे. ज्यात 'बूट', 'ईटीसी', 'होम' ही फोल्डर दिसतील, ते तुमचे लिनक्स. 'सेट' आज्ञेने रूटला तो कंस द्यावा आणि प्रीफिक्सला त्याच कंसापुढे 'बूट'मधील 'ग्रब' फोल्डरचा मार्ग द्यावा. मग 'इन्समॉड नॉर्मल' आणि त्यानंतर नुसते 'नॉर्मल' टंकले, की नेहमीची यादी पडद्यावर येते. ग्रबच्या यादीत पार्टिशने यूयूआयडीने शोधलेली असतात, त्यामुळे तिथून पुढे मिंट सुरू होण्यास अडचण येऊ नये.

हा बदल तेवढ्या वेळेपुरताच असतो. मिंट सुरू झाल्यावर 'ग्रब-इन्स्टॉल' चालवावे आणि त्याला पार्टिशनचे नव्हे, तर पूर्ण डिस्कचे नाव द्यावे, पाठोपाठ 'अपडेट-ग्रब'. त्यानंतर यादीतून विंडोज नाहीसे झाले, तर गोंधळून जाऊ नये. २०२१ मध्ये आलेल्या ग्रब २.०६ पासून इतर कार्यप्रणाली शोधणारा 'ओएस-प्रोबर' मुळातच बंद ठेवलेला असतो. 'ईटीसी'मधील 'डिफॉल्ट' फोल्डरात 'ग्रब' नावाची फाइल आहे, तिच्यात तो चालू करणारी ओळ घालून 'अपडेट-ग्रब' पुन्हा चालवावे.

पाऊलवाट

टेस्टडिस्कमध्ये ते पार्टिशन दिसले आणि पी दाबल्यावर आत वडिलांच्या जमिनीच्या कागदपत्रांचे स्कॅन निघाले. त्यामुळे बाकीची सर्व पार्टिशने यादीत आहेत हे पाहून मी तक्ता लिहिला. संगणक पुन्हा सुरू केल्यावर ग्रबची यादी आपोआप आली, मिंट आणि विंडोज दोन्ही चालतात. कागदपत्रांची प्रत बाहेर काढून ठेवली आहे. आपण सांगितलेला क्रम पाळला नसता, तर ते स्कॅन पाहण्याचे माझ्या मनातही आले नसते. आपल्या सर्वांचा मी ऋणी आहे.

काळीमाती

माझेही काम झाले. नवे पार्टिशन ८ क्रमांकाचेच तयार झाले. आरसिंकच्या पडताळणीत एकही फरक दाखवला गेला नाही, आणि एफस्टॅबमधील ओळ बरोबर असल्यामुळे उबुंटू विनाविलंब सुरू झाले. सर्व फायली, ब्राउझरच्या खुणा आणि फाँट जागच्या जागी आहेत. एकच शंका उरली आहे : मूळ पार्टिशन अजून भरलेलेच दाखवते, कारण 'होम-जुने' तिथेच आहे. ते कधी पुसावे?

शून्यएक

आधी टर्मिनलमध्ये 'डीएफ -एच' चालवून '/होम' पुढे नव्या पार्टिशनचेच नाव येते आहे, याची खात्री करावी. त्यानंतर काही दिवस नेहमीसारखे काम करावे, एकदा विंडोजमध्ये जाऊन परत यावे, अद्यतने बसू द्यावीत. अद्यतनांना जागा कमी पडत असेल, तर 'होम-जुने'मधील मोठे व्हिडिओ किंवा डाउनलोड तेवढे आधी काढले तरी चालतील. सगळे सुरळीत असल्यास उरलेले फोल्डर टर्मिनलमधून पुसावे. फाइल व्यवस्थापकातून पुसल्यास ते कचरापेटीत जाऊन पडण्याची शक्यता असते आणि मग जागा मोकळी होत नाही. बाहेरच्या डिस्कवर घेतलेली डीची प्रत मात्र यानंतरही तशीच ठेवावी.